नववं भोक

अमळनेरच्या बाहेर, बोरीच्या अंगाला,
कारखान्याचं गेट अजून उभं आहे. भिंत नाही.
गेटाला कुलूपही आहे.
आम्ही कुलपाला वळसा घालून आत जातो.

आठ फुल्या नाशिकहूनच आखून आल्यात,
पंचवीस-पंचवीस मीटरवर. मी चुना टाकते.
जुन्या नकाशात इथे बॉयलर, इथे गोदाम,
आणि इथे नुसतं 'मोकळी जागा'.
नव्या नकाशात त्याच मोकळ्या जागेवर
हिरव्या शाईनं झोका काढलाय. शेजारी घसरगुंडी.

पहिलं भोक : भराव, विटा, कोळशाची राख,
एक शर्टाचं बटण.
दुसरं : काळी माती, वास नाही.
तिसरं, चौथं : तेच.
प्रत्येक वेळी हातमोजे बदलायचे, पळी धुवायची,
बाटलीवर चिठ्ठी, बाटली बर्फात.
पेटी बघून नाल्यापलीकडची पोरं जमतात.
कुल्फी नाही म्हटलं तरी थांबून राहतात.

दुपारी गजमल आजोबा येतात, कानावर विडी.
"आठे काय शोधी राहिनात, बाई?"
माती तपासतोय.
"माटी काय सांगस?"
अजून तरी काही नाही.
ते हसतात. मग मला त्यांच्या बोटांची पेरं दिसतात :
मसुराएवढे गोल खड्डे, जुने, भरून आलेले.
नाकाच्या आतल्या पडद्यालाही भोक होतं सगळ्यांच्या, सांगतात.
रात्रपाळीत सुताचा दोरा एका नाकपुडीतून घालून
दुसरीतून काढायची पैज लागायची,
चहावर.

आणि नाला? सोमवारी हिरवा, गुरुवारी किरमिजी.
धुणं घेऊन आलेल्या बाया पाण्याकडे बघून सांगायच्या
यंदा कुठल्या रंगाची लुगडी निघणार.
पिवळं मात्र नाल्यात सोडायचं नाही, शेठची ताकीद.
पिवळं खड्ड्यात.
"मीच वतेल शे. एकवीस वरीस.
शेठ म्हणे, माटी समदं पी लेस."

निंबाचा नुसता बुंधा उरलाय.
त्याला पाठ लावून ते पावलं मोजतात,
अकरा, मग डावीकडे चार,
चपला काढून हातात घेतात, उभे राहतात.
पाचव्या आणि सहाव्या फुलीच्या मधोमध.
आमच्या जाळीतून बरोबर निसटलेली जागा.

मी फोन लावते.
आठांचाच दर ठरलाय, पलीकडून ऐकू येतं,
नववं कुणाच्या खात्यात टाकू?
सत्तार घड्याळ बघतो, मग टाकीत काडी घालून डिझेल.
"आहे एका भोकापुरतं," म्हणतो.
चुना संपलेला. विटेच्या तुकड्यानं फुली मारते.

दीड मीटर : भराव.
अडीच : काळी, ओलसर.
साडेतीन :
पिवळी.

हळदीची नाही. झेंडूची नाही.
पिकल्या केळीच्या सालीचीही नाही.
फॉर्मवर रंगाला एकच शब्द मावतो,
तो लिहिते.
सत्तार इंजिन बंद करतो, कुणी सांगितलेलं नसताना.
आजोबा नळीत वाकून बघतात.
"तोच शे. मी वयखस."

जागा बदलण्याचं कारण : स्थानिक तोंडी माहिती.
माहिती देणाऱ्याचं नाव?
मी पेन थांबवते. नाही लिहिलं तरी चालतं, सांगते.
"लिख ना. गजमल दगा भावसार. रंगारी."
मग झोक्याच्या कागदावर बोट ठेवून,
"आते पोरेस्ना झोका कोठे जाई?"
अहवालाला तीन आठवडे लागतात, मी म्हणते.
त्यांनी हे विचारलं नव्हतं.

भोक चिकणमातीनं बुजवतो, नियमाप्रमाणे,
तळापासून वर. ते शेवटपर्यंत थांबतात.
चपला घाला, मी म्हणते. घालत नाहीत.
पेटी गाडीत चढवताना बघते :
सगळे भिंत नसलेल्या बाजूनं जातात,
ते एकटे गेटाकडे,
कुलपासमोर थांबतात,
आणि दोन्ही हात वर करतात, एका हातात चपला,
सुटीच्या भोंग्यानंतर झडती द्यायचे तसे,
थोडा वेळ.