तात्पुरतं

दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात
टेबलावर दोन सिंथेसायझर, पोटं उघडी,
झाकणं भिंतीला टेकवलेली.
नंबरांचे शेवटचे आकडे चारशे सतरा, चारशे अठरा.
एकाच खोक्यातून उतरले असणार,
एकाच नकाशावरून जोडलेले.

पार्थिव विचारतो, मावशी, मग असं का?
सतरा बोलायच्या आधी घसा खाकरतो,
आणि अठरा म्हणजे स्टीलच्या पेल्याच्या काठावर
ओलं बोट फिरवावं तसा.

मी त्याच्या तळहातावर एक रेझिस्टर ठेवते.
पिवळा, जांभळा, नारिंगी, शेवटी सोनेरी पट्टा.
सत्तेचाळीस हजार, असं तो स्वतःबद्दल सांगतो.
सोनेरी म्हणजे शेकडा पाचाची माफी:
पंचेचाळीस निघाला तरी खरा,
एकोणपन्नास निघाला तरी खराच.
असे दीडशे खरे एका पाटीवर बसवले
की कोण कुणाला किती ओढेल
ते नकाशात नसतं.
शिवाय हे बारके स्क्रू बघ, सूर लावायचे.
हा कुणीतरी जेवणाआधी फिरवलाय,
तो जेवणानंतर.

पुढचं ज्याच्या त्याच्या नशिबाचं.
सतरा मकरपुऱ्याच्या गरब्यात,
नऊ नऊ रात्री उघड्यावर, धूळ, दव,
एकदा अख्खा ग्लास ताक.
संध्याकाळी लावलेला सूर
अकराच्या गारव्यात जागेवर नसायचा,
आणि वाजवणारा किरीटभाई
पट्टीवर शिव्या देत त्याला परत ओढून आणायचा.
अठरा फत्तेगंजात, चर्चच्या कपाटात,
रविवारी दोन तास, बाकी मखमलीखाली.
तोही म्हातारा झालाय.
नुसते पडून राहिलेले कपॅसिटरही सुकतात,
हे लोकांना सांगून पटत नाही.

पार्थिवला दोन्ही अगदी सारखे हवेत,
एक डाव्या कानाला, एक उजव्या.
करता येईल, म्हटलं मी,
आणि सतराची पाटी उलटी केली.

फिल्टरच्या वाटेवर एक परका भाग.
जाडा, तपकिरी, कुठल्यातरी रेडिओतून काढलेला.
त्याचं कथील मी अंधारातही ओळखीन:
फुगीर थेंब, आणि त्याला बारीक शेपूट,
जी नाना कधीच कापायचे नाहीत.
शेजारी चिकटपट्टी, पिवळी पडलेली,
तिच्यावर पेन्सिलीने:
तात्पुरतं. अष्टमीनंतर बदलणे.
कुठल्या सालची अष्टमी, ते नाही.

मीटर लावला. एक्कावन्न.
सोनेरी पट्ट्याच्या माफीच्याही बाहेर.
हाच, पार्थिव म्हणाला, हाच चोर, काढ याला.
इस्त्री तापलेली होती. रोझिनचा वास
दुकानभर, नाना असताना यायचा तोच.

मी आधी दोन्हींवर एकच पट्टी दाबली.
दोन सुरांमध्ये लाट, भराभर, वँव वँव वँव.
अठराचा स्क्रू केसभर.
लाट मंदावली.
आणखी केसभर.
आता श्वासाएवढी लांब, मग त्याहून लांब,
वाटलं थांबली,
आणि टेबलाच्या त्या टोकाहून परत आली.
तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना
जिथे हात आपोआप थबकतो, तिथेच आम्ही दोघं गप्प.
पंखा बंद केला तेवढ्यात सूर पुन्हा हलला.

उद्या ये, मी पार्थिवला म्हटलं.

रात्री दोन्हींचे सुकलेले कपॅसिटर बदलले,
पट्ट्यांखालची धूळ काढली,
ताकाचा एक पांढरा डाग स्पिरिटने पुसला.
एक्कावन्नला हात लावला नाही.
खरं तर लावला, बोटाने, पक्का बसलाय ना ते बघायला.
पक्का होता.
चिकटपट्टीवर खाली जागा होती थोडी.
कानामागची पेन्सिल घेऊन लिहिलं, पाहिलं,
आणि आजची तारीख, साल धरून.

बिलात: साफसफाई, दोन नग.
पार्थिव भांडणार आहे.