दहाच्या खालचं वजन

कारखान्याच्या काट्यावर माझी रात्रपाळी.
ट्रॅक्टर चढतो, मागं दोन ट्रॉल्या चढतात,
आकडा थरथरतो, थांबतो, मी पावती फाडतो.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
त्यातून बांधणीचा एक टक्का वजा.
बावीस हंगाम हेच.

चौऱ्याऐंशी किलो, म्हणाल्या अंबाजोगाईच्या डॉक्टर फरहाना,
आणि तीन महिन्यांची साखर अगदी काठावर.
"ऊस गोड लागला म्हणून..."
पुढचं मला पाठ असणार म्हणून तिथंच थांबल्या.
पाठ आहे, मॅडम.
पण मुळं शेतातच राहतात,
आमच्याकडं नुसतं गोड येतं.

भाकरीचं मला कळतं.
ज्वारीची दीड भाकर, वरणात चुरून, वर जवसाची चटणी,
की पोट बस म्हणतं, मी हात धुतो.
बालूशाहीला बस नाही.
केजच्या स्टँडसमोरून पाव किलो घेतली
की घर येईस्तोवर पुडक्याला नुसतं तूप.
शशिकलाला सांगायचं, दुकान बंद होतं.
ते दुकान कधीच बंद नसतं.
तिलाही माहीत होतं.
ती माझ्या मिशीकडं बघायची
आणि पाण्याचा तांब्या पुढं करायची.

आता स्टँडवर उतरत नाही. आधीच्या फाट्यावर उतरतो,
दीड किलोमीटर चालतो.
घरातला साखरेचा डबा कुठं असतो, मी विचारत नाही.
सभासदांची दिवाळीची साखर आली,
ती पोत्यासकट मेहुण्याकडं गेली.
ड्रॉवरमध्ये पावत्यांच्या गठ्ठ्याखाली
क्रीमच्या बिस्किटांचा पुडा असायचा,
तिथं फुटाणे.
फुटाणे काही बिस्किटं नव्हेत. कुणी तसं म्हणू नये.

अडीचला मळीचा वास खाली उतरतो.
भूक नसते ती.
रांगेतला ड्रायव्हर नुसता हॉर्न दाबून धरतो, तसं
आतून कुणीतरी दाबून धरतं.
पूर्वी मी लगेच फाटक उघडायचो.
आता त्यालाही टोकन देतो:
बाबा, तुझा नंबर वीस मिनिटांनी.
दोन गाड्या मोजतो. पाणी पितो. खिडकी लावून घेतो.
पुष्कळदा तो कंटाळून निघून जातो.
कधी नाही जात.

येळवशीला नाहीच गेला.
मेहुण्याच्या रानात, कडब्याच्या खोपीत
खपली गव्हाची खीर होती,
आणि साडूबाईंचा हात सैल.
आंबील पिऊन थांबणार होतो, भज्जीवर भागवणार होतो.
चार वाट्या.
पाचवी मी स्वतः वाढून घेतली, कुणी बघत नसताना,
उभ्यानं.

आधीचा मी असतो तर म्हणालो असतो,
आता गेलंच, तर जाऊ दे सगळं.
आणि संक्रांतीपर्यंत गेलंच असतं.
पण एका ट्रॉलीचा आकडा चुकला
म्हणून कुणी अख्ख्या हंगामाचं रजिस्टर फाडत नाही.
दुसऱ्या सकाळी दीड भाकर. चटणी.
शशिकलाला सांगितलं, पाच.
ती म्हणाली, मी मोजल्या होत्या.

काल पहाटे चारला रांग तुटली.
घरच्या काट्यावर एक्क्याऐंशी पॉइंट तीन आलं होतं
आणि मला ते कुठंतरी मोठ्या आकड्यात बघायचं होतं.
बाहेर आलो. चपला काढल्या.
साठ टनाच्या लोखंडावर मधोमध उभा राहिलो.
थंडीनं पाय भाजले.
खिडकीतून आकडा दिसत होता:
ऐंशी.

दिवाळीनंतर गमतीत उभा राहिलो होतो,
तेव्हाही ऐंशीच होतं.
हा काटा दहा-दहानं मोजतो.
माझे पावणेतीन किलो, ती टोकनं, तो फाटा,
ते पोतं, ते फुटाणे
त्याच्या खिजगणतीतच नाहीत.
हसू आलं. मग जरा रडूही.

तेवढ्यात दिवे आले. धारूरचा बंकट, ट्रॅक्टर थांबवून:
"काय सायेब, सवताचीच पावती फाडायलेत का?"
आणि हात लांब करून
सोललेलं, पांढरंशुभ्र उसाचं कांडं.

मी चपला घातल्या.
म्हणालो, आधी गाडी घे काट्यावर.