रांग सात

फुन्सामध्ये पहाटे चारला थंडी हाडात शिरते.
हरितगृहाचं प्लास्टिक आतून घामेजलेलं,
दारावर पाटी: केळं आत नेऊ नये.
नवी पोरं हसतात. नोएलिया कुबीदेस हसत नाही,
पहारेकऱ्यापुढे डबा उघडून धरते.

एका पिकल्या केळ्याच्या नुसत्या उसाशानं
चाळीस पेट्या कार्नेशननी माना टाकलेल्या
तिनं पाहिल्यात, मातृदिनाच्या तोंडावर.
त्या वर्षी बोनस नव्हता.

इथिलीन. रंग नाही, आपल्या नाकाला कळेल असा वास नाही.
फूलही ते घरच्या घरी करतं:
पराग बसला की आतून निरोप निघतो,
पाकळीतलं एक जनुक, इतके दिवस गप्प पडलेलं,
कूस बदलतं,
आणि पहिला थेंब
(वायूला थेंब म्हणू नये, ठाऊक आहे मला)
दुसऱ्याला उठवतो, दुसरा दहांना.
पाकळ्या आत वळतात, तान्ह्याची मूठ मिटावी तशा.

सातव्या रांगेत आम्ही ते जनुक मुकं केलं.
आम्ही म्हणजे इंजिनियर इबार्रांनी. मी वही भरायचो.
दिवस नऊ: ताजं.
दिवस चौदा: ताजं.
दिवस एकवीस: ताजं.
अक्षर तेवढं माझं सुकत चाललेलं.
केक आला. फोटो निघाले.

सगळे पांगल्यावर नोएलियानं एक फूल
नखानं उभं चिरलं.
"पराग मीच लावला होता, काडीनं. बघ."
वर सगळं शाबूत.
खाली, जिथं पाकळ्यांनी आपली साखर उतरवून
ओटी भरायची,
तिथं मोहरीहून बारीक, फिकट दाणे,
पंगतीत ताट न वाढलेल्या पोरांसारखे.

दुसऱ्या दिवशी डबा रोजच्यासारखा तपासला गेला.
केळं स्वेटरच्या बाहीत होतं.
रांग सात, कडेचं झाड: वर पिशवी बांधली, आत केळं,
आणि ती निघून गेली छाटणीला.

जनुक मुकं होतं, बहिरं नव्हतं.
हे आमच्यापैकी कुणी विचारातच घेतलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी पिशवी नव्हती.
पाकळ्या गळून, देठाशी फुगीर काहीतरी,
बोटानं दाबलं तर टणक.

वहीत मी लिहिलं: कोमेजलं. कारण अज्ञात.
मग "अज्ञात" खोडलं,
आणि ती जागा तशीच सोडली.