तिळाचा पिक्चर

त्या पिक्चरला नाव आहे, पण पेठेत कुणी घेत नाही.
'तिळाचा' म्हटलं की पुरे.
चौदा रिळं, नऊ गाणी, एक घोडा.
तोच घोडा पाटलाकडं, तोच दरोडेखोराकडं,
एकदा तर बिचारा स्वतःचाच पाठलाग करतो.
नायिका विहिरीत उडी टाकते नऊवारीत
आणि बाहेर येते कोरडी, गजऱ्यासकट, गात.

आणि खलनायक विष्णुपंत रेडेकर!
भुवया अशा, की पाखरांनी वस्तीला यावं.
तो हसायला लागला की पहिल्या रांगेतली पोरं बाकाखाली.

त्याच्या गालावर तीळ. वाटाण्याएवढा.
सरकार दार ढकलून आत येतो, तीळ डावीकडं.
"पोरी, सावकारीत दया नसते," तीळ उजवीकडं.
मिशीला पीळ देतो, पुन्हा डावीकडं.
नायिका किंचाळते.
तिचं काय चुकलं?

दर पाडव्याला सकाळी नऊचा खेळ, लक्ष्मीपुरीत.
बाबालाल मुजावर वर मशीनवर,
खाली आम्ही, खिशात सुट्टे पैसे.
"डावा!" "उजवा रं, उजवा!"
"लाव मिसळ!"
"लावली! जादा कट!"
मालू आत्ती सोळा वर्षं हरली नाही.
पाठ होतं म्हणायची तिची सवत,
प्रत्येक दाराला, प्रत्येक कंदिलाला कुठला गाल.
पडद्यावर गाव पेटलेलं असायचं
आणि थेटरात आनंदानं टोप्या उडायच्या.

तीळ लावणारा आमचा पिराजी मामा.
रंगभूषा, दाढ्या, जखमा, आणि गरज पडल्यास म्हातारपण.
"डायरेक्टर 'कट' ओरडला," मामा सांगायचा,
"की मला भूकच लागायची."
लोक म्हणत, तंबाखूच्या तारेत चुकला.
मामा चंची उघडून, चुना मळत, एकदाच बोलला:
"नामावली बघितलीस?
घोड्याच्या मालकाचं नाव हाय.
बर्फवाल्याचं हाय.
पन्हाळ्याच्या समस्त ग्रामस्थांचे आभार हायत.
माझं कुठं हाय?
मग म्हटलं, थांबा. सही करतो.
आज हिकडं, उद्या तिकडं.
दुनियेला दिसंल तरी, कुणीतरी होतं इथं."

खरं असेल. थापही असेल.
कारण हाच मामा सांगायचा,
की नायिकेनं त्याला लग्नाचं विचारलेलं
आणि म्हशी कोण बघणार म्हणून त्यानं नाही म्हटलं.

शेवटच्या रिळात विष्णुपंत मरतो.
बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरीवर वेगळा हुंदका,
अर्ध्यात उठून एक भाषण,
मग उरलेल्या पायऱ्या.
कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, पावा वाजतो,
आणि गाल कोरे. दोन्ही.
आत्तीसुद्धा तिथं पैज घ्यायची नाही.
"मामा, मेल्यावर तीळ कुठं गेला?"
"शेवटच्या दिवसाचा पगार बुडवला रांडेच्यांनी.
माझा तीळ घेऊन मी घरला आलो."

थेटराचं आता कार्यालय झालंय.
पडदा होता तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या,
लाल मखमल, सोनेरी सिंह, आणि धूर सोडणारं यंत्र.
विष्णुपंताला फार आवडलं असतं.

मामा गेला गेल्या श्रावणात.
तिरडी मिरजकर तिकटीला आली
आणि मालू आत्ती आडवी. हातात काजळाची डबी.
"असाच जाणार व्हय हा? उघड्या तोंडानं?"
झालं. सुरू झालं.
"डावा!" "आत्ती, उजवा!"
"आयुष्यभर डावाच पहिला लावला त्यानं!"
बाबालाल म्हणाला, रीळ बघून सांगतो.
रिक्षा थांबल्या, दूधवाले थांबले,
पोलिसानं शिट्टी वाजवली, मग कळल्यावर टोपी काढली
आणि हळूच म्हणाला, "उजवा असंल."

मीही उजव्यावर मिसळ लावली.
हरलो.