सेकंड माल

सहावी ब, जेवणानंतरचा तास.
बाहेर बेचाळीस डिग्री, आत पंखा
फिरतो कमी, कुरकुरतो जास्त.
मी फळ्यावर लिहिते: ॲडजेक्टिव्ह.
हत्तुरेंची श्रीदेवी विचारते,
हे खायचं का लावायचं ओ बाई?

लावायचं, गं. नामाला लावायचं,
गठ्ठ्याला चिठ्ठी लावतात तसं,
आत काय आहे ते बाहेरून कळावं म्हणून.

आपलं विशेषण फार अदबशीर.
घोडा आला की काळा होतं,
घोडी आली की काळी,
शिंगरू मागून धावत आलं
तर त्याच्यासाठीही काळं.
इंग्रजीतलं ब्लॅक मात्र
बसल्या जागेवरून उठत नाही,
कुणीही येवो.

मग आपलं लाल?
शाहीन बागवान, खिडकीजवळची.
तेपण कुठं उठतंय बाई,
लाल टॉवेल, लाल चादर, लाल तिखट.
एकोणीस वर्षं शिकवते आहे,
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.
बरोबर, म्हटलं,
आणि उगाच खडू शोधत वाकले.

बिग रेड टॉवेल म्हणायचं,
रेड बिग नाही.
का?
ते मलाही कुणी सांगितलं नाही.
आधी ताणा लावतात, मग बाणा,
उलटं करून बघा, म्हटलं,
तर अंबादास म्याकल गालात हसला.
त्याला माग माहीत. मला फक्त आवाज,
अशोक चौकातून येता-जाता ऐकलेला.

बिग, बिगर, बिगेस्ट.
बिगरला वर्ग फुटतो.
बिगर चपलेचा! बिगर डब्याचा!
बिगर अभ्यासाचा, मी म्हणते,
आणि घंटा होते.

गृहपाठ: घरातलं एक नाम,
त्याला एक विशेषण.

दुसऱ्या दिवशी एकेचाळीस वह्या.
गुड मदर. गुड फादर. गुड शेळी.
गुड कुकर.
शाहीनकडे गुड म्हणजे गूळच,
तिच्या वहीवरून उतरवलं असेल सगळ्यांनी,
पानं नुसती चिकट.

आणि अंबादासचं, पेन्सिलीने:
सेकंड टॉवेल.

मी लाल पेनाने गोल केला.
पहिला कुठंय रे?
नंबर नाही ओ बाई ते.
सेकंड म्हणजे सेकंड.
धागा तुटला, रातपाळीला बाबांचा डोळा लागला,
तसाच उतरला मागावरून.
शेठ घेत नाही, पगारातून कापतो.
आमच्याकडं सगळे सेकंडच.
पाणी ओढतो की तेवढंच.

मागच्या बाकावरून कुणीतरी:
मंजे आपली तुकडी बे!
हसले सगळे. मीही हसले असते,
पण घरी ट्रंकेत, नॅप्थलीनच्या वासात,
माझा डी.एड.चा कागद आहे
आणि त्याच्यावर हेच विशेषण,
क्लासच्या आधी, टाइप केलेलं.

सेकंडर होत नाही, मी सांगितलं.
सेकंडेस्टही नाही.
काही विशेषणांना पायऱ्या नसतात,
ती आहेत तिथेच थांबतात.
हे पुस्तकात आहे की नाही आठवेना,
पण मुलांनी लिहून घेतलं.

वहीतला गोल आता पुसायचा कसा?
लाल शाई. शाहीन म्हणाली तसं
लाल कुणासाठी बदलत नाही.
मग तसाच गोल मी फळ्यावर केला,
आत लिहिलं सेकंड टॉवेल,
आणि म्हटलं, आजचं वाक्य हे.
अंबादास खाली बघत
बाकाची ढलपी नखाने काढत राहिला.

तास संपला. फळा पुसायला
खिळ्यावरचं फडकं काढलं,
रोजचंच, निळ्या काठाचं.
आज उलटून पाहिलं.
कोपऱ्याजवळ एक धागा सुटलेला,
बोटभर लांब.
कुणाच्या घरून आलं, कधी,
मी कधी विचारलंच नाही.

खडू ओढतं की तेवढाच.