ड

वाशीच्या हॉलमध्ये साउंड मढवींचा, म्हणजे माझा.
दुपारी तीनला टेस्टिंग.
इटलीहून आलेले सात जण. त्यातला एक मूळ सेनेगलचा,
एक ट्युनिसचा, मांडीवर ऊद
तान्ह्या पोरासारखा धरून बसलेला.
मी विचारलं, गाणार कशात? इटालियनच ना?
दुभाषा हसला. नाही, हिच्या गावच्या बोलीत.
टाचेकडच्या थोड्या खेड्यांत उरलीय,
तीही म्हाताऱ्यांच्या
आणि शिव्या देणाऱ्यांच्या तोंडी.

डोनाता तिचं नाव. हातात डफासारखं काहीतरी,
कडेला पत्र्याच्या चकत्या,
अंगठ्याला पट्टी, पट्टीवर वाळलेलं रक्त.
लेव्हल बघायला एकच ओळ म्हणाली
आणि त्या ओळीत मधेच
ड आला.
साधा नाही. जीभ उलटी नेऊन टाळूवर आपटलेला,
ओल्या ओंडक्यात कुऱ्हाड बसावी तसा.

बेड्डा. म्हणजे देखणी.
शहरातल्या इटालियनमध्ये हा ड नाहीच, दुभाषा सांगत होता,
शाळेत तोंडातून निघाला की बाई पट्टी मारायच्या.

मी हेडफोन काढून ठेवला.
आमच्या आगरीत ड मधल्या वाटेत गळतो.
गाडीची गारी होते, साडीची सारी,
ळ तर गावात आलाच नाही कधी.
घणसोलीच्या शाळेत गुरुजींनी
'काळा घोडा' शंभरदा लिहायला लावलं,
वाचताना मी 'काला घोरा'च वाचला.
तिला आला म्हणून मार,
मला आला नाही म्हणून.
पट्टी बहुतेक एकाच लाकडाची.

इथलं जुनं कोण गातं, तिने विचारलं.
माझ्या तोंडून निघून गेलं, माझी आत्या.
बारकीबाय. धवलारीण.
लग्नात धवला म्हणायची, वाद्य नाही, टाळी नाही,
गळ्यानेच देवांना एकेक करून मांडवात आणायची.

हे नाही सांगितलं की पंधरा वर्षं ती गायली नाही.
हेही नाही की गावात हळदीला पहिला डीजे
मीच लावला. चार टॉप, चार बेस.
ती खांबाला टेकून ओठ हलवत राहिली,
मग पदराने तोंड पुसून जेवायला गेली.

रात्री तिला मिक्सरजवळ बसवली.
कार्यक्रमभर एक शब्द बोलली नाही.
नंतर डोनाता आली, तर आत्याने तिचा अंगठा धरला,
उलटसुलट पाहिला.
"हलद लाव याला."
"हलद," डोनाता म्हणाली. ळ तिलाही नव्हता.
आत्या माझ्याकडे वळली,
"बघ, पोर कशी सुद्द बोलतं."

मी केबल गुंडाळत होतो तेव्हा सुरू झालं,
मीठ पिकला गो, मीठ पिकला,
पायाचा ठसा पान्यान निजला.
ट्युनिसवाल्याने तार छेडली,
आत्याने हात वर केला. त्याने बोटं उचलली.
कुठली मिठागरं, त्यांच्यावर आता सेक्टर आहेत,
पण तिने एकेका खाचराचं नाव घेतलं
आणि डोनाता जमिनीवर बसली, बूट काढून.

मिक्सर बंद होता. एक फेडरही मी हलवला नाही.

वॉचमन दिवे घालवायला आला, दारातच थांबला.
साडेअकरा वाजले होते.
दोन कडव्यांच्या मधे जरा फट मिळाली तेव्हा
मी हळूच विचारलं,
आत्ये, गारी आनू?
तिने मान हलवली. नाही.
अजून देव यायचे होते.