अठ्ठावीस सेंट

शेफिल्ड हे सुऱ्यांचं गाव.
सुराचा उकार आखूड केला, शेवटी वेलांटी दिली
की सुरी होते,
हे इथे सांगायचं कुणाला?
माझा स्टुडिओ धारवाल्यांच्या जुन्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर.
भिंतीत अजून पोलादाची भुकटी आहे,
ओल आली की प्लास्टरवर गंजाचे ठिपके उमटतात.

डोरीन स्टॅनिफोर्थ, वय त्र्याहत्तर.
सोळाव्या वर्षी याच गल्लीत,
कमरेला वर्तमानपत्र गुंडाळून,
चमचे चकाकवायला बसलेली.
हेडफोन चढवताना केस सांभाळत म्हणाली,
"फार गुळगुळीत करू नकोस हं.
चमचा जास्त घासला की नाव पुसलं जातं."
कुणाचं नाव?
"कारखान्याचं. मागे ठोकलेलं असतं ना, ते."

तीन टेक. मग चहा.
मग ती शेवटच्या आधीच्या ट्रामने घरी.

रात्री मी, आणि पडद्यावर तिचा आवाज:
एकेका अक्षराचा एकेक सुरवंट,
हिरवट, अंग आक्रसत पुढे जाणारा.
सेंट म्हणजे अत्तर नव्हे.
अर्ध्या सुराचे शंभर तुकडे केले तर त्यातला एक.
दहापर्यंत कान माफ करतो,
विसाला भुवई हलते.

सगळं यंत्रावर सोपवलं तर
ते प्रत्येक सुरवंट पट्टीवर ताणून सरळ करतं,
आणि डोरीनची तीन सेकंदांत
विमानतळावरची उद्घोषणा होते.

म्हणून हातानेच.
सुराकडे चढतानाची घसट तशीच ठेवायची.
श्वासाला हात लावायचा नाही,
'स'ला, 'श'ला तर मुळीच नाही,
त्यांना सूरच नसतो, ओढलं तर चिरकतात.
लांबलेल्या स्वराचं फक्त पोट उचलायचं,
तेही पुरतं नाही.
शेपूट थरथरत असेल तर थरथरू दे.
आणि घाई नको: जागेवर यायला
माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा लागू दे.
मिरजेत मामा तंबोऱ्याच्या घोडीवर
तारेखालचा दोरा सरकवायचा,
सरकला की नाही, डोळ्याला कळायचं नाही.
तोही याच धंद्यातला.

चौदा जागा. पहाटेचे तीन.
सगळ्यात सुबक चौदावी:
शेवटच्या कडव्यातला लांब शब्द,
अठ्ठावीस सेंट उतरलेला,
मी असा वर आणला की
सांधा मलाच सापडेना.

गुरुवारी तिने ऐकलं, डोळे मिटून.
तेरा जागा गेल्या.
मी टेबलाखाली बोटं मोजत होतो.
चौदावीला तिने डोळे उघडले.
"ही मी नाही."

सूर जरासा उतरला होता, मी म्हणालो.
"उतरलेलाच आहे तो!
आमच्या चॅपलच्या ऑर्गनची ती एक नळी उतरलेली होती,
छतातून पाणी शिरलं त्या हिवाळ्यापासून.
दुरुस्तीचे पैसे काही जमले नाहीत.
मग आम्हीच यायचो खाली तिथे,
सगळे, चाळीस वर्षं.
माझा हर्बर्ट तर एक ओळ आधीपासूनच
गुडघे वाकवायचा."

आता तिथे गालिच्यांचं दुकान आहे.
नळ्या भंगारात गेल्या,
शिशाच्या भावाने, किलोवर.

मी चौदावी जागा परत केली.
एक कळ दाबायची, बस्स.
स्वर खाली जाऊन बसला. पियानो वरच राहिला,
आणि दोघांच्या मधे एक लाट हलू लागली,
सेकंदाला पाचेक हेलकावे.
"हां," डोरीन म्हणाली, आणि पर्स उघडून
रुमाल नव्हे, चष्मा काढला,
ट्रामचं वेळापत्रक बघायला.

उरलेल्या तेरांचं तिने विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
बिलात लिहिलं: किरकोळ साफसफाई, चार तास.
जिन्यात ती तेच गुणगुणत उतरली,
कठडा धरून, पायरी पायरीला थांबत.
दुसऱ्या कडव्यातली माझी एक जागा जवळ आली.
मी दाराशी कान देऊन उभा:
ती तिच्यासारखी घेते की माझ्यासारखी?
नेमकी तेव्हाच खाली
ट्राम वळणावर किंचाळली.